पुरात भिजलेली, गंजलेली, भोक पडलेली जुनी नाणी: ठेवायची, दाखवायची की मोडीत घालायची?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीवाडीत शिरलं, तेव्हा आम्ही जनावरं, धान्य आणि कागदपत्रं हलवली. आजीच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, तो कुणाच्याच ध्यानात आला नाही. पाणी उतरल्यावर गाळ उपसताना तो सापडला. डबा गंजून फुटलेला, आणि आत नाण्यांचा एकच गोळा. तांब्याचे पैसे, भोकाचे पैसे, राणीछाप रुपये, ॲल्युमिनियमची चिल्लर, सगळं चिखलानं आणि गंजानं एकमेकांना धरून बसलेलं.

आजी म्हणाली, "धुवून घे गं, लक्ष्मी हाय ती." वरवरची सुटी झालेली तांब्याची १४ नाणी मी त्याच दुपारी चिंच, मीठ आणि काथ्यानं घासून लख्ख केली. पुढच्या पावसाळ्यात त्यांतल्या ९ नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी आली. पुसली की जायची, आठवड्यात परत यायची. आज त्यांतल्या ४ नाण्यांवरचं अक्षर वाचता येत नाही, आणि त्या चारांत दोन शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) आहेत. त्या शिवराया पुरानं खराब केल्या नव्हत्या, मी केल्या. गोळ्यातली बाकीची नाणी मात्र नंतर नीट शिकून, विचारून हाताळली आणि ती बऱ्यापैकी वाचली.

सातारा-सांगलीकडे जुन्या घरात असा एखादा डबा, बटवा किंवा देवघरातली वाटी असतेच. ती तुमच्या हातात आली तर काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं, ते खाली लिहिते आहे.

१. आधी हात आवरा

नाणी ओली आणि चिखलात असतील तर साध्या स्वच्छ पाण्यात हलकेच विसळा आणि तिथंच थांबा. घासू नका. चिकटलेली नाणी सुरीनं, पेचकसानं विलग करायला जाऊ नका. लिंबू, चिंच, व्हिनेगर, टूथपेस्ट, राख, भांड्यांची पावडर यांतलं काहीही लावू नका. आंबट पदार्थ तांब्याचा वरचा थर खातात आणि नाणं गुलाबी, उघडंनागडं दिसायला लागतं. पावडर आणि टूथपेस्ट खरखरीत असतात, त्या अक्षरांच्या कडा झिजवतात. संग्राहकाला असं घासलेलं नाणं लांबून ओळखू येतं.

नाणी कोरडी असतील तर तेवढंही करू नका. आहेत तशी कागदावर पसरा आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढा. दोन्ही बाजू, कड, शेजारी मोजपट्टी. पुढं काहीही बिघडलं तरी मूळ रूप तुमच्याकडे राहतं.

२. लागणारं सामान

- दोन दशांशांपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, सराफ वापरतात तसं
- लोहचुंबक
- डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीच्या दुकानात मिळतं, बोअरचं किंवा नळाचं चालत नाही, त्यात क्षार असतात)
- लहान मुलांचा मऊ टूथब्रश, सुती कापड, बाभळीचे काटे
- कागदी पाकिटं, ओलावा शोषणारे सिलिका जेलचे दाणे, घट्ट झाकणाचा डबा
- एक वही

बाभळीचा काटा वाचून आश्चर्य वाटेल. तांब्याच्या अक्षरांच्या खाचेत बसलेली माती काढायला सुईपेक्षा तो बरा, कारण तो तांब्यापेक्षा मऊ असतो आणि ओरखडा काढत नाही. बांधावरून ओंजळभर आणून वाळवून ठेवा.

कागदपत्रांचं म्हणाल तर घरातली नाणी घरातच ठेवायला काही लागत नाही. चांदी विकताना ओळखपत्र मागतात. नाणी आजोबांकडून आली, देवघरातली आहेत, कुणी आहेरात दिली, जे माहीत असेल ते तारखेसह वहीत लिहा आणि घरातल्या जाणत्या माणसाची सही घ्या. नाणं जमिनीतून निघालं नाही, घरातलं आहे, हे सांगायला पुढं तीच नोंद उपयोगी पडते.

३. ढीग लावा

निर्णय एकेका नाण्याचा घ्यायचा असतो, पण सुरुवात ढिगापासून करा. मी पाच ढीग केले.

पहिला, हातानं पाडलेली नाणी: शिवराई, ढब्बू पैसा, फारसी अक्षरांचे जुने रुपये. दुसरा, १८३५ नंतरची यंत्रावरची चांदी: रुपया, अधेली, पावली, चवली. तिसरा, इंग्रजी अमलातलं तांबं, कासं आणि निकेल: पै, पैसा, आणा, १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा. चौथा, १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आल्यानंतरचे नवे पैसे आणि पुढची ॲल्युमिनियमची चिल्लर. पाचवा, आज चालणारी नाणी.

लोहचुंबक इथंच फिरवा. चांदी आणि तांबं त्याला चिकटत नाहीत. १९४७ चा रुपया चिकटतो, कारण तो निकेलचा आहे. चांदीसारखा दिसतो म्हणून लोक तो चांदीच्या भावात घेतात आणि फसतात.

ढीग लावले की ते एकमेकांपासून लांब ठेवा. आमच्या डब्यात तांब्याच्या पैशाला टेकलेली ॲल्युमिनियमची नाणी चाळणीसारखी झाली होती आणि त्यांच्यालगतचं तांबं तुलनेनं धड होतं. ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांच्यात विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम स्वतः झिजतं. ॲल्युमिनियम धुण्याच्या सोड्यातही टाकू नका, सोडा ते खातो.

४. जे खराब वाटतं ते खरंच खराब आहे का, ते तपासा

सर्वांत जास्त चुका इथं होतात, म्हणून थोडं थांबते.

शिवराई घ्या. १६७४ च्या राज्याभिषेकापासून ही तांब्याची नाणी पाडली जाऊ लागली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति'. पुढं पेशवाईतही ती पडत राहिली. दोन ओळींच्या मध्ये दुहेरी रेघ असलेल्या नाण्याला दुदांडी शिवराई म्हणतात. नाणं हातानं पाडत: तांब्याचा तुकडा ऐरणीवर, वरून ठसा, त्यावर हातोडा. ठसा तुकड्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे पूर्ण मजकूर नाण्यावर क्वचितच उतरतो. अर्धा 'श्री', नुसतं 'पति', वाकडी कड, आडवीतिडवी जाडी, हे सगळं टांकसाळीतलंच आहे. 'शिव' ऐवजी 'सिव', 'छत्रपति' ऐवजी 'छत्रपती' असेही ठसे आहेत. अक्षर चुकलं म्हणजे नाणं खोटं असंही नाही.

जुन्या रुपयांवर चंद्रकोरीचे, फुलाचे, बारीक टिंबांचे टोचे दिसतात. ते सराफांचे छाप. चांदी खरी आहे का ते पाहायला सराफ टोचा मारून बघत. त्यानं किंमत थोडी उतरते, पण तो नाण्याच्या प्रवासाचा पुरावा आहे, तो भरून काढायला जाऊ नका.

मराठ्यांच्या अनेक रुपयांवर फारसी अक्षरं आणि मुघल बादशहाचं नाव असतं. आपल्याकडे लोक ते बघून "मोगली आहे, आपलं नव्हे" म्हणत मोडीत देतात. अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपया पेशवाईतला आहे. फारसी वाचता येत नाही एवढ्या कारणावरून कुठलंही नाणं मुशीत जाऊ देऊ नका.

मग खरं नुकसान कोणतं? घासून गुळगुळीत झालेलं, कापलेलं, मधोमध भोक पाडलेलं, कडी डाखलेलं, पुन्हा पॉलिश केलेलं आणि आतून पोखरलं जाणारं. यांतलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळं होऊन गेलेलं आहे, त्याची घाई नाही. पोखरलं जाणारं नाणं मात्र आजच हातात घ्यावं लागतं.

५. हिरवं कोणतं चांगलं, कोणतं वाईट

तांब्याच्या नाण्यावर गडद हिरवा, तपकिरी किंवा काळपट, कडक आणि नखानं न निघणारा थर असेल तर तो राहू द्या. वर्षानुवर्षं हवेत राहून तयार झालेली ती त्याची साय आहे, तिच्याखाली धातू सुरक्षित असतो. संग्राहक त्या थराचे पैसे देतात.

फिकट, पोपटी, पिठासारखी भुकटी असेल, काट्याच्या टोकानं सहज निघत असेल आणि खाली खड्डा दिसत असेल, तर तो रोग आहे. त्याला ब्राँझ डिसीज म्हणतात. तांब्यात क्लोराईड शिरलेलं असतं. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की ते तांबं खातं आणि त्यातून पुन्हा आम्ल तयार होऊन चक्र चालू राहतं. क्लोराईड येतं कुठून? घामातून, सांडपाण्यातून, आणि मिठातून. चिंच-मीठ लावताना मी नेमकं तेच आत चोळलं होतं.

शंका असेल तर अशी परीक्षा करा. झाकणाच्या छोट्या डबीत एका बाजूला ओला कापूस ठेवा, दुसऱ्या बाजूला नाणं, दोघांचा स्पर्श होऊ देऊ नका. एक दिवस बंद ठेवा. रोग चालू असेल तर पोपटी ठिपके उमटतात. नसेल तर नाणं होतं तसं राहतं.

रोगट नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं करा. भुकटी काट्यानं आणि कोरड्या ब्रशनं काढा. मग काचेच्या वाटीत डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी रोज बदला. मी पाच आठवडे बदललं. त्यानंतर सुती कापडावर टिपून टेबल लॅम्पच्या उबेत पूर्ण कोरडं केलं आणि सिलिका जेलच्या डब्यात घातलं. माझ्या ९ पैकी ५ नाणी त्यानंतर शांत आहेत. संग्रहालयातले संवर्धक यापुढं जाऊन बेंझोट्रायझोलचं द्रावण वापरतात. ते रसायन घरी हाताळू नका, नाणं तेवढं मोलाचं असेल तर त्यांच्याकडेच न्या.

६. साफ करायचंच असेल तर किती

माती आणि चिखल काढा, रंग बदलू नका, एवढी एकच रेघ मी आता पाळते.

चिकटलेला गोळा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा. दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. सुटायची नाणी आपोआप सुटतात. हातात धरून बाजूला सरकवायची, वर उचकटायची नाहीत. आमच्या गोळ्यातून तीन आठवड्यांत ४१ नाणी अशी निघाली. पहिला राणीछाप रुपया सरकून माझ्या तळहातावर आला तेव्हा त्याच्यावर शेजारच्या पैशाचा गोल हिरवा ठसा होता, अगदी कडेच्या रेघेसकट. तो ठसा मी काढला नाही.

हळदी-कुंकवाचा, तेलाचा, तुपाचा थर असेल तर कोमट डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून बोटानं हलकं धुवा. चिकटपट्टीचा डिंक किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटाचा हिरवट चिकटा असेल तर शुद्ध ॲसिटोन चालतं. ते लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून घ्या, नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात वास आणि तेल मिसळलेलं असतं. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती काही पेटलेलं नको. ॲसिटोन झटकन पेटतं.

चांदीचा काळेपणा राहू द्या. हवेतल्या गंधकानं येणारा तो पातळ थर आहे, नाण्याला तो खात नाही.

७. चांदीचं नाणं: तोला, पाण्यात तोला, मग ठरवा

माझे मामा विट्याचे. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा तो धंदा. मामांचं निम्मं आयुष्य मुशीसमोर गेलं. डब्यातले रुपये बघून ते म्हणाले, "पोरी, आटवायला दोन मिनिटं लागत्यात. आधी वर काय लिवलंय ते बघ." पुढची रीत त्यांनीच शिकवली.

१८३५ नंतरचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. रुपयाभार हे वजन तिथूनच आलं. राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि १९३९ पर्यंतचा सहावा जॉर्ज यांच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी. पुढं युद्धकाळात चांदी घटवली. १९४० ते १९४५ च्या रुपयात ती ५० टक्के. त्या रुपयांच्या कडेवर मधोमध नक्षीची खोबण दिसते, जुन्यांच्या कडेवर सरळ रेघा असतात.

साल झिजून गेलं असेल तर पाण्याची परीक्षा करा.

नाणं कोरडं तोला. समजा ११.४१ ग्रॅम भरलं. आता काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्य करा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि बाजूला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी नाण्यानं सारलं. समजा १.१० आला. ११.४१ भागिले १.१० म्हणजे सुमारे १०.४. उत्तर १०.३ च्या आसपास आलं तर ९१.७ टक्क्यांची चांदी, ९.५ च्या आसपास आलं तर अर्ध्या चांदीचा रुपया, ८.५ च्या आसपास आलं तर पितळ किंवा जर्मन सिल्व्हरचं बनावट नाणं. नाणं झिजलेलं, भोकाचं असलं तरी ही परीक्षा चालते, कारण वजन आणि आकार दोन्ही सोबतच घटलेले असतात. फक्त कडी डाखलेली असेल तर डाखाचा धातू उत्तर बिघडवतो.

आता हिशेब. ११.४१ ग्रॅमला ०.९१७ नं गुणा: १०.४६ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवशीचा भाव लावा. सराफ घट आणि गलाईची मजुरी वजा करेल, ते रास्त आहे, पण किती ते आधी विचारा. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर किंवा साताऱ्यात मोती चौकाकडे किमान तीन दुकानांत विचारा. तिन्ही ठिकाणी नाणं तुमच्या डोळ्यांसमोर तोललं गेलं पाहिजे. मी एका दुकानात रुपये आत नेऊ दिले. बाहेर आले तेव्हा एकाच्या कडेला कानसीचा ताजा घाव होता आणि वजन ०.२ ग्रॅमनं कमी. वजन आधीच वहीत लिहिलेलं होतं म्हणून ते कळलं.

मोडीत काय घालायचं? सामान्य सालाचा, भोक पडलेला, कडी डाखलेला, चेहरा पूर्ण पुसलेला इंग्रजी रुपया. त्याला संग्राहक सहसा चांदीपेक्षा फारसं देत नाहीत. काय घालायचं नाही? हातानं पाडलेलं एकही नाणं नाही. १९३९ चा रुपया नाही, तो दुर्मीळ आहे. १९११ चा नाही. त्यावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, त्यावरून गहजब झाला आणि १९१२ ला चित्र बदललं. हे रुपये खराब अवस्थेतही आधी जाणकाराला दाखवायचे.

आणि माळ असेल तर थांबा. रुपयांना कड्या डाखून ओवलेली माळ आपल्याकडे धनगर आणि लमाणी घरांत अजून दिसते. नाणी म्हणून ती खराब आहेत, दागिना म्हणून ती पूर्ण आहे. कड्या काढून नाणी सुटी केली तर दोन्ही जातं. पणजीच्या गळ्यातली माळ असेल तर तिचा फोटो शोधून सोबत ठेवा.

८. कुणाला दाखवायचं

आधी फोटो आणि वजन तयार ठेवा, मग पत्र किंवा मेल पाठवा. साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, २०२४ ला लंडनहून आलेली वाघनखं ठेवली होती तेच. औंधला श्री भवानी संग्रहालय आहे. पुण्यात १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. निव्वळ नाण्यांवर काम करणारी संस्था नाशिकजवळ अंजनेरीला आहे. किंमत विचारू नका, "हे काय आहे" एवढंच विचारा. किंमत सांगणं त्यांचं काम नाही, आणि ओळख पटली की किमतीचा अंदाज संग्राहकांच्या प्रदर्शनात दहा टेबलं फिरून येतो.

पहिल्याच टेबलावर विकू नका.

९. या सापळ्यांत पाय घालू नका

*"तुमचं नाणं ५ लाखांना घेतो."* वैष्णोदेवीचं ५ किंवा १० रुपयांचं नाणं, जुने २ रुपये, कसलंही नाणं दाखवून असे निरोप फिरतात. ती नाणी खरी आहेत, किंमत खोटी आहे. मग नोंदणी शुल्क, जीएसटी, विमा असं एकेक मागतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की ती असल्या व्यवहारात नसते आणि असं कमिशन कुणाकडून मागत नाही. विकणाऱ्यानं आधी पैसे भरायचे, असा खरा सौदा नसतो.

*राम-सीतेचं १८१८ चं नाणं.* एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, दुसऱ्या बाजूला रामपंचायतन किंवा मारुती. कंपनीनं असं नाणं कधी पाडलं नाही. हे जत्रेतले बिल्ले आहेत. देव्हाऱ्यात ठेवायला काहीच हरकत नाही, पण त्यासाठी हजारो रुपये मोजू नका.

*तांदूळ ओढणारं नाणं.* "राईस पुलर" म्हणून तांब्याचं भांडं किंवा नाणं दाखवतात, त्यात दैवी किंवा अणुशक्ती आहे म्हणतात. तांदळाला लोखंडाचा कीस लावलेला असतो. शिकल्यासवरल्या लोकांनी यात जमिनी विकल्या आहेत. असा माणूस घरी आला तर पोलिसांना कळवा.

*परदेशातला गिऱ्हाईक.* १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. "कुरिअर करा, डॉलरमध्ये देतो" म्हणणाऱ्याला नकार द्या. असल्या नाण्यांचा धंदा करायलाही परवाना लागतो, तेव्हा मोठा व्यवहार असेल तर घेणाऱ्याचा परवाना बघा आणि पावती घ्या.

१०. नाणं जमिनीतून निघालं असेल तर

वाडा पाडताना, विहीर खणताना, नांगराच्या फाळाला लागून गाडगं निघतं. इथं वरचं काहीच लागू नाही. १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं आणि १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, किती, कुठं आणि कोणत्या तारखेला, या चार गोष्टी अर्जात लिहा आणि पोच घ्या. लपवलं तर आपला हिस्सा जातो, वर दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तहसीलदार कार्यालयातून सुरुवात केली तर अर्ज कुठं द्यायचा ते कळतं.

तोवर नाणी धुऊ नका, मजुरांत वाटू नका, गाडगं फेकू नका. नाण्याला चिकटलेली माती आणि गाडग्याची खापरं बघून अभ्यासक त्या ठेव्याचा काळ सांगू शकतात.

११. चालू आणि बंद झालेली चिल्लर

हरिपूरच्या संगमावर किंवा माहुलीला पोरं दोरीला लोहचुंबक बांधून नदीतले पैसे काढताना दिसतात. निघतात ती स्टीलची नाणी, काळवंडलेली पण चालणारी. पाण्यानं धुऊन बँकेत भरा. बँकेनं चालू नाणी घेतली पाहिजेत, ५० पैसेसुद्धा. कापलेलं, भोक पाडलेलं, मुद्दाम खरवडलेलं नाणं मात्र कायद्यानं चलन राहत नाही, आणि फाटक्या नोटेसारखा त्याचा परतावा मिळत नाही. चालू नाणी वितळवणं गुन्हा आहे.

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली. पोखरलेली ॲल्युमिनियमची चिल्लर कुणी घेणार नाही. त्यातली बरी निवडून मी गावच्या शाळेत गुरुजींना दिली. पोरांना १, २, ३, ५, १०, २० पैसे हातात घेऊन बघता आले.

१२. देवघरातली नाणी

लक्ष्मीपूजनात दरवर्षी पंचामृतानं न्हाणून, चिंचेनं उजळून काही नाणी पार गुळगुळीत झालेली असतात. ती विकून काही येत नाही आणि विकूही नयेत असं माझं मत आहे. वापर सुरू ठेवा. फक्त अभिषेकानंतर साध्या पाण्यानं धुवा, कोरडी पुसा आणि चिंच-मीठ सोडा. आजीला हे पटायला दोन दिवाळ्या गेल्या. आता ती स्वतः सांगते, "नाण्याला मीठ लावू नगं."

१३. ठेवायची कशी

प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात, पाकिटावर वहीतला क्रमांक. नाणं कडेनं धरा, बोटाचा घामही उमटतो. स्वस्तातल्या मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये ठेवू नका; काही वर्षांनी ते पाझरतं आणि नाण्याला हिरवा चिकटा धरतो. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकानं चांदीवर काळे पट्टे पडतात. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे. डबा वरच्या मजल्यावर, निदान माळ्यावर. आपल्याकडे पाणी कुठवर येतं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे.

रोहिणी निघाल्या की मी डबा उघडते, दाणे तापवून परत भरते आणि तांब्याची नाणी भिंगाखाली एकदा बघते. गोळ्यातली ६ नाणी अजून एकमेकांपासून सुटलेली नाहीत. मधल्या फटीतून चांदीची एक कड आणि तिच्यावरच्या बारीक रेघा दिसतात. ती मी तशीच ठेवली आहेत, पाकिटावर लिहून: 'ऑगस्ट २०१९, सहा नाणी, न सोडवलेली.'